कोनाड्यातला सुगंध : पॅरिसच्या 'निकोलाई' गृहाची कहाणी

बाजारपेठेच्या कोलाहलापासून दूर राहून स्वतःच सुगंध रचणारी, स्वतःच तो तयार करणारी आणि स्वतःच्याच दुकानात विकणारी छोटी सुगंधगृहे फ्रान्समध्ये गेल्या अर्धशतकात उदयाला आली. त्यांपैकी बहुतेक आज बड्या उद्योगसमूहांच्या पोटात गेली आहेत. पात्रिसिया द निकोलाई यांनी १९८९ साली उभारलेल्या गृहाने मात्र वेगळी वाट धरली. त्या गृहाची आणि त्यामागील कारागिरीची ही ओळख.

सुगंधाच्या बाटलीवर नाव असते ते बहुधा एखाद्या वस्त्रप्रावरणांच्या कंपनीचे, नाहीतर अभिनेत्रीचे किंवा खेळाडूचे. ज्याने तो सुगंध प्रत्यक्षात रचला, शेकडो वेळा मोजूनमापून मोडला आणि पुन्हा बांधला, त्या माणसाचे नाव ग्राहकाच्या कानावर क्वचितच येते. युरोप-अमेरिकेतील बहुसंख्य प्रसिद्ध सुगंध हे जिव्होदाँ, फर्मेनिश, आयएफएफ, सिमराइज अशा मोजक्या कंपन्यांच्या प्रयोगशाळांत जन्माला येतात. विक्रेती कंपनी आपल्याला काय हवे याचे टिपण पाठवते, तीन-चार प्रयोगशाळा नमुने सादर करतात, ग्राहकांच्या गटांवर त्यांची चाचणी होते आणि जो नमुना कमीत कमी लोकांना नावडतो तो जिंकतो. 'नावडतो' हा शब्द येथे मुद्दाम योजला आहे. कारण या पद्धतीत फार आवडणाऱ्या सुगंधापेक्षा कोणालाच न खटकणारा सुगंध अधिक सुरक्षित ठरतो.

हा पडद्यामागचा व्यवहार मराठी वाचकाला अगदीच परका नाही. १९२२ साली मुंबईत सुरू झालेली एस. एच. केळकर आणि कंपनी साबण, उदबत्ती, केशतेले यांच्या उत्पादकांना सुगंधी मिश्रणे पुरवत आली आहे. घरोघरी साबणाचे नाव तोंडपाठ असते, केळकरांचे नसते.

या व्यवस्थेला कंटाळलेल्या काही फ्रेंच कारागिरांनी १९७०च्या दशकात निराळा मार्ग शोधला. झाँ लापोर्त यांनी १९७६ मध्ये 'लार्तिझाँ पार्फ्युमर', म्हणजे 'कारागीर गंधी', या नावाने गृह काढले. मोठ्या जाहिराती नाहीत, चेहऱ्यासाठी नटी नाही आणि सुगंधाला विषय असे तो एखाद्या फळाचा वा पानाचा. ब्लॅकबेरी आणि कस्तुरी यांचा त्यांचा मेळ १९७८ साली आला. पुढे अशा गृहांना 'निश' हे विशेषण चिकटले. फ्रेंच भाषेत 'निश' म्हणजे भिंतीतला कोनाडा. देवघराशेजारच्या कोनाड्यात समई ठेवावी, तशी ही गृहे बाजाराच्या भिंतीत आपापली जागा करून बसली. आज हे विशेषण इतके सैल झाले आहे की विमानतळावरच्या चकचकीत दुकानातही 'निश'ची स्वतंत्र फळी असते, हा भाग वेगळा.

गेर्लँ घराण्याची लेक

पात्रिसिया द निकोलाई यांचा जन्म १९५७चा. त्या गेर्लँ या विख्यात गंधी घराण्याच्या वंशज. पिएर-फ्रान्स्वा-पास्काल गेर्लँ यांनी १८२८ साली पॅरिसमध्ये हे गृह स्थापन केले. त्यानंतर एमे, झाक आणि झाँ-पॉल अशी गंधकारांची परंपरा घरातच चालत राहिली. एमे यांचा 'जिकी' १८८९ सालचा. लॅव्हेंडरसारख्या निसर्गदत्त द्रव्याशी प्रयोगशाळेत तयार झालेले कुमारिन व व्हॅनिलिन यांचा संगम करणाऱ्या आरंभीच्या सुगंधांत त्याची गणना होते. झाक यांनी १९१९ मध्ये 'मित्सुको' आणि १९२५ मध्ये 'शालिमार' दिला.

'शालिमार'चे नाव शाहजहान आणि मुमताज यांच्या प्रेमकथेशी जोडून विकले गेले व अजूनही जोडले जाते. इतिहासाला मात्र हे फारसे मानवत नाही. मुमताज १६३१ साली वारली. लाहोरची शालिमार बाग शाहजहानने १६४१-४२ मध्ये उभारली आणि काश्मीरची शालिमार तर त्याच्या वडिलांच्या, जहांगीराच्या काळातली. सुगंध मात्र शंभरी गाठूनही टिकून आहे.

गेर्लँ गृहातील गंधकारांची वर दिलेली चारही नावे पुरुषांची आहेत, हे चाणाक्ष वाचकाच्या ध्यानात आले असेल. फ्रान्समध्ये स्त्री-गंधकार झाल्याच नाहीत असे नाही. जर्मेन सेलिए यांनी १९४८ साली रोबेर पिगे यांच्यासाठी रचलेला 'फ्राका' हा निशिगंधाचा सुगंध आजही या क्षेत्रात मानदंड समजला जातो. पण अशी उदाहरणे विरळाच. पात्रिसिया यांनी रीतसर शिक्षण घेतले ते व्हर्साय येथील 'इसिप्का' या संस्थेत. ही संस्थाही गेर्लँ घराण्यातल्याच झाँ-झाक गेर्लँ यांनी १९७० साली सुरू केलेली. शिक्षणानंतर पात्रिसिया यांनी सुगंधी मिश्रणे पुरवणाऱ्या मोठ्या कंपन्यांत उमेदवारी केली, म्हणजे ज्या व्यवस्थेपासून पुढे दूर व्हायचे ती त्यांनी आतून पाहिली. १९८८ मध्ये फ्रेंच गंधकारांच्या संस्थेचा तरुण गंधकारांसाठीचा आंतरराष्ट्रीय पुरस्कार त्यांना मिळाला. तो मिळवणाऱ्या त्या पहिल्याच स्त्री होत.

पुढच्याच वर्षी पती झाँ-लुई मिशो यांच्यासह त्यांनी स्वतःचे गृह काढले. 'पार्फ्युमर-क्रेआतर', म्हणजे 'रचनाकार गंधी', हे बिरूद त्यांनी नावापुढे लावले. यात काहीसा अभिमान आहे, पण त्याहून अधिक वस्तुस्थिती आहे. कल्पना, सूत्र, मिश्रण, बाटली भरणे आणि विक्री ही पाचही कामे एका छपराखाली, किंवा निदान एका कुटुंबात, असणे हे १९८९ मध्ये पॅरिसमध्येही दुर्मीळ झाले होते. प्रत्यक्ष उत्पादन त्यांनी ऑर्लेआँ शहराजवळच्या स्वतःच्या कार्यशाळेत ठेवले.

आरंभीच्याच काळातला त्यांचा 'न्यूयॉर्क' हा लिंबूवर्गीय फळे, मसाले आणि उष्ण, राळेसारख्या तळाचा सुगंध जाणकारांच्या विशेष पसंतीस उतरला. जीवभौतिकीचे अभ्यासक आणि सुगंधसमीक्षक लुका ट्युरिन यांनी २००८च्या आपल्या सुगंध-मार्गदर्शिकेत त्याला पाचपैकी पाच तारे दिले. 'सॅक्रब्लू', 'ओदालिस्क' ही त्यांची आणखी काही नावे. घरात फवारण्याच्या सुगंधांपैकी एकाचे नाव तर 'महाराजा' असे आहे. पौर्वात्य वैभवाचे फ्रेंच मनाला असलेले हे आकर्षण 'शालिमार'च्या काळाइतकेच ताजे दिसते!

तराजू, पट्टी आणि स्मरणशक्ती

गंधकाराला फ्रेंचमध्ये लाडाने 'नाक' म्हणतात. परंतु या व्यवसायात नाकापेक्षा स्मरणशक्तीचे काम अधिक आहे. हजारो द्रव्यांचा वास केवळ ओळखून भागत नाही. तो आठवावा लागतो आणि दोन वास एकत्र आले की तिसरा कोणता निर्माण होईल हे बाटलीचे बूच न उघडता मनातल्या मनात ताडावे लागते. गवयाला जसा पुढचा स्वर आधी ऐकू येतो, तसेच हे. म्हणूनच सूत्र बहुतांशी कागदावर लिहिले जाते आणि नंतर सूक्ष्म तराजूवर द्रव्ये तोलून नमुना तयार होतो. बाटल्यांच्या अर्धवर्तुळाकार मांडणीला फ्रेंचमध्ये 'ऑर्ग' म्हणजे ऑर्गन वाद्य असे म्हणतात. नमुना शोषक कागदाच्या अरुंद पट्टीवर घेऊन हुंगायचा, तासाने पुन्हा हुंगायचा, दुसऱ्या दिवशी पुन्हा. एका सुगंधासाठी असे शेकडो नमुने होतात.

ही द्रव्ये कोणती? त्यांतील कित्येक आपल्या परिचयाची आहेत. जाई, मोगरा, निशिगंध, गुलाब, वाळा, चंदन, पाचौली, धूप. फ्रान्सच्या दक्षिणेतील ग्रास हे गाव या साऱ्याचे माहेरघर. कातडी कमावण्याचा तेथला धंदा, त्या हातमोज्यांना येणारी दुर्गंधी झाकण्यासाठी आलेली सुगंधी हातमोज्यांची टूम आणि त्यातून वाढलेली फुलशेती, असा त्याचा प्रवास. ग्रास परिसरातील फुलशेती, अर्क काढण्याचे ज्ञान आणि सुगंधरचनेची कला यांचा समावेश युनेस्कोने २०१८ साली मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशात केला.

जाईचे फूल पहाटे खुडावे लागते. एक किलो भरायला सुमारे आठ ते दहा हजार फुले लागतात. ही फुले द्रावकात भिजवून प्रथम मेणासारखा घट्ट अर्क मिळतो, त्याला 'काँक्रेत' म्हणतात. तो अल्कोहोलने धुऊन मेण वेगळे केले की उरतो तो शुद्ध अर्क, 'अब्सोल्यू'. एक किलो अब्सोल्यूसाठी साधारण सातशे किलो फुले खर्ची पडतात. एवढ्या वेचणीची मजुरी फ्रान्समध्ये परवडेनाशी झाली आणि ग्रासच्या जमिनींवर बंगले उठले, तेव्हा जाईच्या अर्काचा पुरवठा इजिप्त व भारत यांच्याकडे वळला. तमिळनाडूत कोइमतूर, मदुराई या भागांत जाई-मोगऱ्याचा अर्क निघतो आणि जगभरच्या गंधकारांकडे जातो. दादरच्या फुलबाजारात ज्या मोगऱ्याचे गजरे होतात, त्याचेच भाऊबंद पॅरिसच्या बाटलीत बसलेले असतात.

पाचौलीची गोष्टही अशीच. एकोणिसाव्या शतकात काश्मिरी शाली युरोपात जात त्या किडीपासून बचावासाठी पाचौलीच्या वाळल्या पानांत गुंडाळून. त्या वासावरून अस्सल शाल ओळखण्याची रीत पडली, मग नकली शालींना मुद्दाम तो वास लावला जाऊ लागला. आयरिसचा प्रकार याहून चमत्कारिक आहे. वास फुलाचा नव्हे, जमिनीखालच्या कंदाचा. आणि तोही ताज्या कंदाला नसतो. कंद सोलून, वाळवून तीनेक वर्षे राखून ठेवावे लागतात, तेव्हा कुठे त्यात तो पावडरीसारखा, जांभळ्या व्हायोलेट फुलांची आठवण करून देणारा गंध तयार होतो. ज्या उद्योगसमूहाला दर तिमाहीचा हिशेब द्यायचा असतो, त्याला असली द्रव्ये जड जातात.

येथे एक गैरसमज दूर केला पाहिजे. नैसर्गिक तेवढे उत्तम आणि कृत्रिम तेवढे हिणकस, अशी ग्राहकाची समजूत असते आणि विक्रेते ती जोपासतात. प्रत्यक्षात आधुनिक फ्रेंच सुगंधकला उभी राहिली तीच मुळी रसायनशास्त्राच्या खांद्यावर. विल्यम पर्किन यांनी १८६८ मध्ये कुमारिन प्रयोगशाळेत तयार केले. १८८२ साली हूबिगाँ गृहाच्या पॉल पार्के यांनी 'फूजेर रोयाल'मध्ये ते वापरले. 'फूजेर' म्हणजे नेचा. नेच्याला स्वतःचा असा वास जवळजवळ नसतोच! म्हणजे निसर्गात नसलेल्या गंधाची ती कल्पना होती, आणि पुरुषांच्या असंख्य सुगंधांचा, आपल्या केशकर्तनालयात दाढीनंतर लावल्या जाणाऱ्या द्रवांचाही, गोत्रपुरुष तोच. एडमाँ रूदनित्स्का यांनी १९६६ साली दिओरच्या 'ओ सोव्हाज'मध्ये हेडिओन वापरून लिंबाच्या गंधात जाईची हवा खेळवली. कस्तुरीमृगाचा जीव वाचला तोही कृत्रिम कस्तुरीमुळेच. तेव्हा चांगला गंधकार नैसर्गिक आणि कृत्रिम असा भेद करीत नाही; मात्र स्वस्त द्रव्याच्या मोहाने महाग द्रव्य गाळत नाही. स्वतंत्र गृहाचा खरा फायदा येथे आहे. सूत्रातील द्रव्ये किती महाग असावीत हे ठरवणारा हिशेबनीस आणि सूत्र लिहिणारा गंधकार ही एकाच घरातली माणसे असतात.

सूत्र पक्के झाले म्हणजे काम संपले असे नव्हे. द्रव्यांचे मिश्रण काही आठवडे मुरत ठेवतात, मग ते अल्कोहोलमध्ये घालून पुन्हा मुरवतात. लोणचे जसे घातल्या दिवशी खाऊन त्याची परीक्षा करू नये, तसेच येथे. प्रारंभी द्रव्ये आपापल्या वाटेने ओरडत असतात, हळूहळू त्यांचा एक सूर लागतो. शेवटी मिश्रण अतिशय थंड करून, तळाशी जमलेला मेणट गाळ काढून ते गाळतात. त्यातील सुगंधी अंशानुसार नावे बदलतात. 'ओ द कोलोन'मध्ये हे प्रमाण शेकडा दोन ते पाच, 'ओ द तोआलेत'मध्ये पाच ते पंधरा, 'ओ द पार्फ्यूँ'मध्ये पंधरा ते वीस आणि 'एक्स्त्रे'मध्ये त्याहून अधिक, असे ढोबळमानाने समजतात. याला कायद्याचे बंधन नाही.

आपल्याकडच्या अत्तराशी याची तुलना करण्याचा मोह होतो. कनौजचे कारागीर तांब्याच्या देगात फुले शिजवून वाफ भपक्यातल्या चंदनतेलात उतरवतात. अल्कोहोल नाही, तेलाचा आधार. मोहम्मद अली रोडवरच्या दुकानात मनगटावर लावलेला फाया तासन्‌तास जवळजवळ तसाच राहतो. फ्रेंच सुगंधाचे तसे नाही. अल्कोहोल उडते, त्याबरोबर आधी लिंबूवर्गीय हलकी द्रव्ये निघून जातात, मग फुले येतात आणि रात्री उशिरा राळ, लाकूड, कस्तुरी यांचा तळ शिल्लक राहतो. तो काळात उलगडतो. दुकानात एक मिनिट हुंगून बाटली विकत घेणारा ग्राहक त्यामुळे केवळ पहिला अंक पाहून नाटकाचे तिकीट काढत असतो. मोठ्या कंपन्या हे ओळखून पहिल्या पाच मिनिटांवरच खर्च करतात अशी जाणकारांची तक्रार असते, आणि ती निराधार वाटत नाही. निकोलाई गृहाने शंभर मिलिलिटरच्या जोडीला तीस मिलिलिटरची लहान बाटली ठेवली, हा या दृष्टीने ग्राहकाच्या सोयीचा निर्णय म्हणावा लागेल. घरी नेऊन चार दिवस वापरून मग मत बनवता येते.

स्वातंत्र्याचा खर्च

ज्यांनी कोनाडे केले, त्यांच्याकडे भिंतीच्या मालकांचे लक्ष गेले नसते तरच नवल. आनिक गुताल हे गृह २०११ मध्ये कोरियाच्या अमोरेपॅसिफिककडे गेले. फ्रेदेरिक माल यांनी २००० साली गंधकाराचे नाव थेट बाटलीवर छापून सर्वांना चकित केले होते. त्यांचे गृह घेण्याचा करार एस्टी लॉडरने २०१४च्या अखेरीस केला. 'लार्तिझाँ पार्फ्युमर' २०१५ मध्ये स्पेनच्या पुइगकडे आणि फ्रान्सिस कुर्कजियाँ यांचे गृह २०१७ मध्ये एलव्हीएमएचकडे गेले. गेर्लँ तर १९९४ मध्येच एलव्हीएमएचचे झाले होते. म्हणजे पात्रिसिया यांनी छोटे दुकान थाटले, त्यानंतर पाचच वर्षांत त्यांच्या पूर्वजांचे मोठे घराणे कुटुंबाच्या हातून गेले. ही सारी विक्री चालू असताना निकोलाई गृह मात्र कुटुंबाकडेच राहिले. विकणे म्हणजे दर्जा घसरणे, असे सरसकट म्हणणे अन्यायाचे होईल. मोठ्या मालकामुळे महाग द्रव्यांचा साठा करता येतो, दूरदेशी दुकाने निघतात. परंतु दुकाने वाढली की एकाच सुगंधाला अधिक लोकांना आवडावे लागते, आणि आपण पुन्हा पहिल्या परिच्छेदातल्या चाचणीपाशी येतो.

स्वतंत्र गृहासमोरचा दुसरा पेच नियमांचा आहे. १९७३ मध्ये स्थापन झालेली 'इफ्रा' ही आंतरराष्ट्रीय सुगंधसंघटना त्वचेला अपाय करू शकणाऱ्या द्रव्यांवर मर्यादा घालते आणि युरोपीय संघाचा कायदा त्याहून कठोर असतो. ओक वृक्षावर वाढणारे शेवाळासारखे दगडफूल हा 'मित्सुको'सारख्या सुगंधांचा पाया. त्यातील काही घटकांची अॅलर्जी होते म्हणून ते शुद्ध करूनच वापरावे लागते. युरोपात २०१७च्या नियमाने लायरल हे द्रव्य हद्दपार झाले, तर १ मार्च २०२२ पासून टवटवीत फुलांचा भास देणारे लिलिअलही बंद झाले. २०२३च्या नियमानुसार वेष्टनावर नावानिशी जाहीर करावयाच्या अॅलर्जीकारक घटकांची यादी वीस-पंचवीसवरून ऐंशीच्या पुढे गेली. नव्या उत्पादनांना त्यासाठी जुलै २०२६ची आणि जुन्यांना जुलै २०२८ची मुदत आहे. ज्याच्या त्वचेवर पुरळ उठते त्याचा विचार व्हायलाच हवा, त्याबद्दल वाद नाही. पण एक द्रव्य बंद झाले की ते ज्या ज्या सूत्रांत आहे ती सगळी पुन्हा बांधावी लागतात. बड्या कंपनीत या कामासाठी स्वतंत्र विभाग असतो. छोट्या गृहात ते त्याच एका गंधकाराच्या टेबलावर येऊन पडते, आणि तेवढे दिवस नवे काही रचले जात नाही.

तिसरी अडचण अधिक विलक्षण. कवितेला, गाण्याला, चित्राला लेखाधिकार असतो. सुगंधाला फ्रान्समध्ये नाही. १३ जून २००६ रोजी फ्रान्सच्या सर्वोच्च अपील न्यायालयाने निर्णय दिला, की सुगंध हा केवळ एका कौशल्याचा वापर आहे, लेखाधिकाराचे संरक्षण मिळणारी ती कलाकृती नव्हे. गंमत अशी, की अवघ्या तीन दिवसांनी, १६ जून रोजी, नेदरलँड्सच्या सर्वोच्च न्यायालयाने लाँकोमच्या 'त्रेझोर' या सुगंधाच्या खटल्यात नेमके उलट मत दिले. फ्रेंच न्यायालयाने आपली भूमिका २०१३ मध्येही सोडली नाही. आज वायु-वर्णलेखन यंत्रात थेंब टाकला की सूत्रातील बहुतेक घटक तासाभरात कागदावर उतरतात. सूत्र गुप्त ठेवणे हे एकेकाळचे संरक्षण त्यामुळे क्षीण झाले आहे. ज्या गृहाकडे विकण्याजोगे दुसरे काही नाही, फक्त सूत्रेच आहेत, त्याला याची झळ अधिक लागते.

सूत्रे बदलत जाणार आणि जुने सुगंध लोपत जाणार, हे ओळखून झाँ पातू गृहाचे गंधकार झाँ केर्लेओ यांनी १९९० साली व्हर्साय येथे काही सहकाऱ्यांसह 'ओस्मोतेक' हे सुगंधांचे संग्रहालय उभारले. पात्रिसिया द निकोलाई २००८ मध्ये त्याच्या अध्यक्ष झाल्या. दुकान चालवणाऱ्या गंधकाराने इतरांच्या, प्रसंगी प्रतिस्पर्ध्यांच्या, सूत्रांची राखण करावी हे या धंद्यात सहज घडणारे नव्हे. येथे चार हजारांवर सुगंध आहेत आणि त्यांतील कित्येकशे आता जगात अन्यत्र कोठेही उरलेले नाहीत. बाटल्या अंधाऱ्या तळघरात, १२ अंश सेल्सिअसला, हवेतल्या ऑक्सिजनचा संसर्ग नको म्हणून वर आर्गॉन वायूचा थर देऊन ठेवतात. फ्रान्स्वा कोती यांचा १९१७ सालचा 'शिप्र', पार्के यांचा 'फूजेर रोयाल' असे सुगंध येथे मूळ सूत्रांबरहुकूम, आज विक्रीच्या बाटलीत चालणार नाहीत अशा द्रव्यांसह, पुन्हा तोलून बांधले आहेत. अभ्यागताला ते कागदी पट्टीवर हुंगता येतात. विकत मात्र मिळत नाहीत.